आयता वाढलेला होस्टा

जर्मनीत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या घरांची रांग अशी बांधलेली आहे, की पुढच्या दाराला ऊन मिळतं आणि मागच्या बागेला शेजाऱ्यांची मतं. बाग म्हणजे तरी काय, पुण्यात जेवढ्या जागेत दोन गाड्या लागतात तेवढी हिरवळ. पण इथे तिला बाग म्हणतात, आणि तिच्या मालकाला चेहऱ्यावर एक गांभीर्य बाळगावं लागतं. आमच्या डावीकडच्या शेजाऱ्याला ते फार छान जमायचं. तोही पुण्याचाच, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर. त्या वर्षी त्याला विभागप्रमुख केलं होतं आणि तेव्हापासून तो कचऱ्याचा डबासुद्धा उद्घाटनाला निघाल्यासारखा बाहेर ठेवायचा. माझी बायको पाठीमागे त्याला 'संस्थानिक' म्हणायची. मीही इथे तेच म्हणतो.

ऑगस्टमध्ये संस्थानिकांनी विभागातल्या लोकांना बागेत जेवायला बोलावलं होतं. मोठे साहेब पत्नीसह येणार होते. या बाईंच्या बागेत म्हणे एक अवाढव्य पिवळा होस्टा होता आणि कंपनीच्या कुठल्याशा समारंभात त्या त्याच्याबद्दल बराच वेळ बोलल्या होत्या. होस्टा म्हणजे सावलीत वाढणारं, नुसत्या पानांचं झाड. पानं कर्दळीच्या जातीची वाटतात, पण जमिनीलगत, एकावर एक, घेरदार परकरासारखी पसरलेली. जर्मन लोकांना त्याचं फार अप्रूप. पिवळा म्हणजे अगदी हळदीचा पिवळा नाही, कच्च्या लिंबाचा. संस्थानिकांच्या बागेत एक कोपरा सावलीचा होता, तिथे साधे हिरवे होस्टे होते आणि त्यांची पानं गोगलगायींनी खाऊन लेस केली होती. तिथे एक मोठा पिवळा होस्टा हवा, असं त्यांनी जूनमध्येच मला सांगितलं. सांगितलं अशासाठी, की माझ्याकडे मोठ्या डिकीची जुनी कोम्बी गाडी होती आणि त्यांच्याकडे नवी, जिच्यात माती सांडलेली चालत नसे.

त्या घरात संस्थानिक, त्यांची पत्नी आणि मुलगी अशी तिघं राहायची. पत्नी गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत होती. तिला मी नेहमी एक तर निघताना किंवा परत येताना पाहिलं आहे. मुलीला मराठी सगळं कळायचं, उत्तर ती जर्मनमधून द्यायची. त्या उन्हाळ्यात चौथं माणूस होतं, संस्थानिकांची आई. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. मुलींच्या शाळेत सगळा जन्म गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, बांधा लहान, पाठ ताठ. तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. त्यांना जी खोली दिली होती तिला घरात 'ऑफिस' म्हणत. सून रोज संध्याकाळी विचारायची, "आई, तुम्हाला आता ऑफिसात झोपायचंय का? मग मी लॅपटॉप बाहेर घेते." यात तिला काही वावगं वाटत नसे. काकूंनाही वाटत नसावं, कारण त्यांच्या हिशेबाने ही खोली लवकरच त्यांची होणार होती.

काकूंचा असा समज करून देण्यात आला होता, की त्यांच्या कायमच्या राहण्याची परवानगी सरकारदरबारी विचाराधीन आहे. तिकीट परतीचं होतं, पण ते "व्हिसासाठी दाखवायला काढलंय, तारीख पुढे जाईल," असं मुलाने सांगितलं होतं. शिवाय पुण्याचा त्यांचा फ्लॅट पुनर्विकासाला दिलेला होता. इमारत पाडून झालेली होती, भांडीकुंडी भाचीकडे आणि पुस्तकं वाचनालयाकडे गेली होती. मुलगा म्हणाला होता, आता तू तिकडे करशील काय? काकूंना तो प्रश्न प्रेमाचा वाटला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती, की जर्मन येत असेल तर हे लोक लवकर परवानगी देतात. झालं. सत्तरीच्या बाईंनी पुण्यात जर्मनचा क्लास लावला. लग्न होऊन इकडे निघालेल्या पोरींमध्ये बसून त्या पहिल्या पायरीची लेखी परीक्षा पास झाल्या. इथे आल्यावर नातीला समोर बसवून रोज वाक्यं म्हणायच्या. माझं नाव हे. मी भारतातून आले. मी भात खाते. नात त्यांना 'च'च्या जागी 'श' म्हणायला लावायची, चुकल्या की हसायची, आणि काकू पुन्हा म्हणायच्या. तोंडी परीक्षा इथे घेतात, बोलावणं येईल, असंही त्यांना सांगितलेलं होतं.

अर्ज कुठेही केलेला नव्हता. आईवडिलांना असं इथे कायमचं आणता येत नाही, निदान तेव्हा येत नव्हतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हे त्यांना आल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण संस्थानिकांना वाईट बातमी देणारा माणूस व्हायचं नव्हतं; ते काम त्यांनी जर्मन सरकारवर सोपवलं होतं, आणि तेही सप्टेंबरमध्ये. दरम्यान तळेगावजवळ एका वृद्धाश्रमात खोली घेऊन झाली होती. तिला वृद्धाश्रम म्हणायचं नाही. टॅबलेटवर चित्रं दाखवत त्यांनी मला सांगितलं होतं, की हा ज्येष्ठांसाठीचा निवासी प्रकल्प आहे, योगासाठी वेगळा हॉल आहे, आणि डोंगर दिसतो. चित्रात एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून त्या डोंगराकडे पाहत होते. त्यांचा चेहरा चित्रात येणार नाही अशी काळजी घेतलेली होती.

काकूंना घरात एक काम दिलं होतं, गोगलगायींचं. इकडे पावसाळी उन्हाळ्यात बिनशंखाच्या, तांबूस, बोटाएवढ्या गोगलगायी होतात आणि बाग खाऊन टाकतात. संस्थानिकांच्या पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या जर्मन बाई पहाटे गाउनवर कोट चढवून शिवणाची कात्री घेऊन बाहेर पडायच्या. गोगलगाय दिसली की वाकायचं, मधोमध कापायची, पुढे जायचं. कापताना त्या मला 'सुप्रभात' म्हणायच्या. काकूंनी हे एकदा पाहिलं आणि दोन दिवस त्यांना मटार उसळ गेली नाही. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. पोळ्या भाजायच्या चिमट्याने गोगलगाय उचलायची, दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची, झाकण लावायचं आणि रस्ता संपतो तिथल्या मक्याच्या शेताच्या कडेला नेऊन सोडायची. चिमट्यावरून सुनेशी थोडं झालं. दुसरा चिमटा आणला गेला. संस्थानिक येणाऱ्याजाणाऱ्याला हे कौतुकाने सांगत, "आई त्यांना फिरायला नेते."

जुलैच्या एका शनिवारी आम्ही रोपवाटिकेत गेलो. संस्थानिक, काकू आणि गाडीचा मालक म्हणून मी. रोपवाटिका जर्मन पद्धतीची, म्हणजे विमानतळाएवढी आणि आत केक मिळतो अशी. सावलीच्या झाडांचा विभाग जाळीखाली होता. तिथे होस्ट्यांचीच एक गल्ली होती, निळसर, पांढऱ्या कडांचे, सुरकुतलेले. संस्थानिक हात मागे बांधून गल्लीतून चालत होते. मानवंदना घेताना चालतात तसे.

पिवळे शेवटी होते. लहान कुंडीत चारपाच पानांची बाळरोपं, आणि त्यांच्या मागे, लाकडी टोपात, त्याच जातीचा एक पूर्ण वाढलेला. त्याचं नाव अमेरिकन होतं आणि पाटीवर झाडाआधी नावच दिसत होतं. पानं परातीएवढी. काकूंनी एका पानावर वीत ठेवली, मग दुसरी वीत ठेवली आणि म्हणाल्या, गौरीचा नैवेद्य होईल की याच्यावर, वरण सांडणारही नाही. नातीला म्हणे थर्माकोलची ताटं ठाऊक, पानावरचं जेवण तिला बघायला मिळेल.

हिरव्या एप्रनमधली एक उंच बाई जवळ आली. तिने समजावून सांगितलं, की या जातीची पानं जाड असतात, गोगलगायी सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लहान रोप नेलं तर ते या आकाराचं व्हायला पाचसहा वर्षं लागतील, पण ते तुमच्या मातीत वाढलेलं असेल आणि ते जास्त चांगलं. घाई असेल तर हा मोठा आहेच.

यातलं काकूंना किती समजलं ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी वाकून एक लहान कुंडी उचलली, तिच्या बुडाशी बोट लावून मुळं बाहेर आली आहेत का ते पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "हेच घे. मी आहे ना वाढवायला."

"राहू दे गं आई ते," असं संस्थानिक मराठीत म्हणाले. मग विक्रेत्या बाईंकडे वळले आणि त्याच आवाजात, कुणी दुधात साखर नको म्हणून सांगावं तसं, जर्मनमध्ये म्हणाले, "मोठाच द्या. माइने मुटर फ्लीग्ट इम सेप्टेंबर त्सुरूक. झी कोम्ट निश्त वीडर."

माझी आई सप्टेंबरमध्ये परत जाते आहे. ती पुन्हा येणार नाही.

वाक्यं लहान होती. कर्ता, क्रियापद, महिना. क्लासच्या पुस्तकात पहिल्या काही धड्यांत असतात तशी. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी कुंडी होती तिथेच ठेवली, तिची पाटी समोरून वाचता येईल अशी फिरवली आणि हाताला लागलेली माती झटकली. विक्रेती त्यांच्याकडे पाहून हसली. काकूही हसल्या.

मोठा होस्टा गाडीत मावेना. डिकीचं दार लागेना म्हणून तो मागच्या सीटवर उभा करावा लागला आणि त्याच्या टोपाभोवती पट्टा बांधला. उरलेल्या जागेत काकू बसल्या. आरशात मला नुसती पानं दिसत होती आणि पानांच्या मधून त्यांच्या चष्म्याची एक काच. संस्थानिक माझ्या शेजारी बसून सांगत होते, की साहेबांच्या पत्नीचा होस्टा याच जातीचा आहे पण त्यांनी तो लहानपणापासून वाढवला आहे, आणि एवढा वेळ कुणाला असतो.

बऱ्याच वेळाने पानांमागून आवाज आला, "सप्टेंबरात कधी?"

"गणपती ना? बघतो हं," संस्थानिक म्हणाले आणि फोनवर कॅलेंडर उघडू लागले. "या वर्षी लवकर आहेत वाटतं."

घरी पोचल्यावर काकूंनीच पट्टा सोडला.

होस्टा कोपऱ्यात लागला. हिरवे उपटून टाकले. त्याच्याभोवती संस्थानिकांनी गोल पांढरे गोटे मांडले आणि एक लहान दिवा लावला, जो अंधार पडला की खालून पानांवर उजेड टाकी. आमची सौ. म्हणाली, आता नारळ फोडायचा राहिलाय.

मी ऑफिसला लवकर निघतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांची बाग दिसते. काकूंचा क्रम मला पाठ होता: चिमटा, डबा, झाकण, मग फाटकातून उजवीकडे, शेताकडे. त्या आठवड्यात मला त्यात एक बदल दिसला. त्या आधी शेताकडे जात, रिकाम्या डब्याने, आणि झाकण लावून परत येत. मग होस्ट्याजवळ उकिडव्या बसत आणि डबा पानांखाली पालथा करून हलकेच आपटत, मोदक साच्यातून काढताना आपटतात तसा. एकही गोगलगाय त्यांनी कधी दुखावली नाही. काहींना तर चिमट्याने उचलून पानावर नीट ठेवायच्या.

एकदा त्यांनी मान वर केली आणि खिडकीत मी त्यांना दिसलो. त्यांनी हात केला. मीही केला. चहा गॅसवर होता, मी तो गाळला.

विक्रेतीचं म्हणणं खरं होतं. गोगलगायी सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पण आणून पानावर बसवल्या, आसपासचं बाकी सगळं उपटलेलं असलं आणि रोज नव्या मंडळींची भर पडत गेली, तर त्या नाइलाजाने जेवतात. आठवडाभरात कडा गेल्या. मग भोकं पडली. संस्थानिक दिल्या पैशांची पावती दाखवायला रोपवाटिकेत जाऊन आले. तिथे त्यांना सांगण्यात आलं की असं होत नाही. त्यांनी आईला विचारलं की तू रोज काढतेस ना? त्या म्हणाल्या की रोज सकाळी डबा भरतो. शब्दशः खरं होतं. पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून आपली कात्री देऊ केली. काकूंनी ती नम्रपणे नाकारली.

मेजवानीचा दिवस स्वच्छ उन्हाचा निघाला. संस्थानिकांनी आम्हालाही बोलावलं होतं, कारण समोसे आमच्या सौ.ने तळले होते. विभागातली माणसं काचेच्या बशा घेऊन हिरवळीवर उभी होती. काकूंनी नारायणपेठ नेसली होती आणि त्यांना एका खुर्चीवर, दाराशी, सर्वांना दिसतील अशा बसवलं होतं.

साहेबांच्या पत्नी, उंच, लिननच्या कपड्यातल्या बाई, आल्या आल्या कोपऱ्याकडे गेल्या. होस्टा तिथे होता, म्हणजे त्याचे देठ होते आणि देठांच्या टोकाला पिवळी चाळण होती. खालचा दिवा त्या दिवशी मुद्दाम उजेडातच लावून ठेवल्यामुळे भोकं जास्तच खुलून दिसत होती. बाई म्हणाल्या, "ओह." जर्मन माणूस झाडाबद्दल 'ओह' म्हणतो तेव्हा विषय गंभीर असतो.

संस्थानिक हसत पुढे झाले. मोकळ्या हाताने आईकडे दाखवत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की गोगलगायींचं खातं आईकडे आहे, पण आई पक्की हिंदू, ती मारत नाही, फिरायला नेते, आणि बहुतेक वाटेत जेवूही घालते. मंडळी हसली. दोघातिघांनी वळून काकूंकडे पाहिलं आणि बशा किंचित उंचावल्या.

बाईंना ते आवडलं नसावं. त्या काकूंच्या खुर्चीजवळ गेल्या, थोड्या वाकल्या आणि लहान मुलाशी किंवा परदेशी माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, की तुम्ही आता इथेच राहणार का? मुलाकडे?

काकू उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, दोन्ही हात पोटाशी धरले. वर्गात मुलींना उभं राहून उत्तर द्यायला लावत असतील तशाच. मग त्या सावकाश, एकही शब्द न गाळता बोलल्या.

"नाइन. इश फ्लीगे इम सेप्टेंबर त्सुरूक. इश कोमे निश्त वीडर." थोड्या थांबल्या, पुढचं वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं असावं. "माइन झोन हाट एस इम गार्टनसेंटर गझाग्ट."

नाही. मी सप्टेंबरमध्ये परत जाते आहे. मी पुन्हा येणार नाही. माझ्या मुलाने हे रोपवाटिकेत सांगितलं.

'श' अगदी बरोबर आला होता. नात तोंडात घास धरून बापाकडे बघत होती. सून समोशांच्या ताटापाशी होती; तिने एक समोसा उचलला आणि परत ठेवला. संस्थानिकांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, काढायला विसरलेल्या तोरणासारखं.

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांना सगळं समजलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण अवघड वेळी काय करायचं हे या लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्या म्हणाल्या, "किती सुंदर जर्मन बोलता तुम्ही." मागून कुणीतरी "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणालं. साहेबांनी बशी खाली ठेवून टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही वाजवली, कारण साहेबांनी वाजवली होती. काकूंनी 'डांके' म्हणून आभार मानले आणि त्या बसल्या.

नंतर मी ग्लास ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा मायलेक तिथे होते. मला पाहूनही संस्थानिक थांबले नाहीत.

"चारचौघांत हे बोलायची काही गरज होती का, आई?"

काकू बशा पुसत होत्या. "तोंडी परीक्षा राहिली होती ना रे माझी," त्या म्हणाल्या. "तू म्हणाला होतास इथे घेतात."

त्यावर तो काहीतरी कायद्याचं बोलला, मी सांगणारच होतो वगैरे. त्यांनी बशी उजेडाकडे धरून डाग राहिला आहे का पाहिलं. "डोंगर दिसतो म्हणे तिथून," त्या म्हणाल्या. टॅबलेट ऑफिसातच असायचा, आणि त्या ऑफिसातच झोपायच्या.

सप्टेंबरमध्ये, गौरी उठल्यावर, त्या गेल्या. गौरीचा नैवेद्य स्टीलच्या ताटात झाला. विमानतळावर सोडायला संस्थानिक आणि मी, कारण सामानाला माझीच गाडी लागली. नात आली नाही, तिची पोहण्याची स्पर्धा होती. काकूंनी मला सांगितलं की डबा आणि चिमटा शेडमध्ये धुऊन ठेवला आहे. मुलाला त्यांनी खाली वाकू दिलं, पाठीवर हात ठेवला आणि रांगेत पुढे सरकल्या.

ऑक्टोबरात थंडी पडली तसा होस्टा कोसळला. मऊ, पिवळा, चिकट लगदा. संस्थानिकांना वाटलं मेला. दुसरा आणायला गाडी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. हे झाड दर हिवाळ्यात असंच जमिनीत जातं आणि वसंतात परत येतं, असं मी सांगितलं. "म्हणजे परत येणारच?" त्यांनी विचारलं. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

तो आला. आता तो वर्षागणिक फुगतो आहे आणि त्याच्यावर एकही भोक नाही, कारण संस्थानिक पहाटे कात्री घेऊन उतरतात. पलीकडच्या बाईंशी त्यांचं छान जमलं आहे. कुंपणाच्या दोन बाजूंना दोघं वाकलेली असतात.

काकू आमच्या सौ.ला अधूनमधून फोन करतात. मागे त्या सांगत होत्या, की डोंगर दिसतो, पण पावसाळ्यात ढगच दिसतात, आणि योगाच्या हॉलमध्ये कुणी योग करत नाही म्हणून तो संध्याकाळी त्यांनी मागून घेतला आहे. तिथे आणखी काही जणांची मुलं इकडे आहेत, एकाचा येनाला, एकीची दोन्ही म्युनिकला. त्या सगळ्यांना काकू जर्मन शिकवतात. फळा आहे, खडू आहे, गृहपाठ असतो.

सौ.ने विचारलं, काकू, आता कशाला? त्यांना कुठे यायचंय इकडे?

"यायचं नाही गं कुणाला," काकू म्हणाल्या. "पण मुलं भेटायला येतात ना वर्षातून एकदा. समोर बसून आपसात बोलतात. तेवढं कळायला हवं."